मातीची राखण

सेनापती धनाजी जाधवांचा १७०८ साली जेथे अंत झाला आणि जेथील जनावरांच्या बाजाराचा लौकिक आजही दूरवर आहे, त्या पेठ वडगावचा मुलूख काळ्या मातीचा, उसाचा आणि गुराढोरांचा; तेव्हा गोठ्यातले शेण शेतात जावे आणि शेतात मुरलेले पाणी विहिरीत उतरावे, ही तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाटच होय. या दोहोंच्या दरम्यान जमिनीच्या पोटात काय घडते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. पाणी मातीतून पाझरून आले म्हणजे ते निर्मळ झाले, अशी आपली श्रद्धा असते.

ही श्रद्धा निराधार नाही. मात्र माती म्हणजे केवळ चाळण, ही समजूत अपुरी आहे. वासरांच्या हगवणीतून बाहेर पडणारा आणि माणसालाही तीच व्याधी जडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी कठीण कवचाच्या कोषात बसून प्रवास करतो, आणि तो कोष इतका सूक्ष्म असतो की असे दोनशे कोष एका ओळीत मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. मातीतील कित्येक छिद्रे त्याहून रुंद असूनही पुष्कळसे कोष वरच्या थरातच अडकून राहतात, याचे कारण विद्युत्‌भारात आहे. कोषाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही प्रायः ऋणच. म्हणून वास्तविक त्यांनी परस्परांना दूर लोटावे, परंतु बेसॉल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या जमिनीत चुन्याचा अंश विपुल असल्यामुळे कॅल्शियमचे दुहेरी धन भाराचे कण मध्ये पडतात आणि दोघांना सांधून धरतात. शिरोळकडे पाण्याच्या अतिरेकाने जेथे जमिनी चोपण झाल्या, तेथे कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली आहे, आणि त्याचा भार एकेरी असल्याने ही मध्यस्थी त्याला तितकीशी साधत नाही. याउलट पन्हाळा-शाहूवाडीकडील जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहाचे कण बहुधा स्वतःच धन भार धारण करतात, त्यामुळे कोष त्यांना थेट चिकटतो. पण शेणखतातील सेंद्रिय द्रव्याचा लेप त्या कणांवर बसला, की तीही पकड ढिली होते.

खरी कसोटी लागते ती पावसाळ्याच्या तोंडाशी. पावसाचे पाणी जवळजवळ क्षारविरहित. ते जमिनीत शिरताच तेथील क्षारांचे प्रमाण घटते, भारांमधील दुरावा पुन्हा बळावतो, आणि उन्हाळाभर चिकटून बसलेल्यांपैकी काही कोष सुटून खाली चालू लागतात. त्यातच वैशाखात काळीला ज्या भेगा पडतात, त्यांतून पहिले पाणी मातीच्या कणांना पुरता स्पर्शही न करता सरळ खाली उतरते, आणि जेथे स्पर्शच नाही तेथे कॅल्शियमने काय करावे? वैशाखाचे ऊन उघड्यावर सुकलेल्या कोषांना मारते, हे खरे. नीट कुजून तापलेल्या खतातही ते सहसा तगत नाहीत. परंतु ताज्या, ओल्या, सावलीतल्या शेणात ते महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला असलेला उकिरडा मला कोणत्याही गढूळ पाण्यापेक्षा अधिक भयावह वाटतो.

विहिरीत टाकल्या जाणाऱ्या ब्लिचिंग पावडरीवर आपण भिस्त ठेवतो, आणि जिवाणूंच्या बाबतीत ती योग्यच आहे. पण या कोषाचे कवच क्लोरीनला सहज दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या नळाच्या पाण्याने सुमारे ४ लाख लोक आजारी पडले, ते याच परजीवीमुळे. उकळीपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. पाणी एक मिनिट खळखळून उकळले की पुरे. मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्यापासून भेगा मिटून पाणी निवळेपर्यंत तरी प्रत्येक घरात, विशेषतः लहान मुलांसाठी, ही तजवीज असावी. आणि उकिरडा हलवायचा तो विहिरीच्या उताराच्या बाजूला, पहिला पाऊस पडण्याच्या आत.