अंगावरचें दूध व परिचारिकांचें शिक्षण

बाळास अंगावर पाजणें आईस उपजतच येतें, त्यांत परिचारिकेस शिकवावयाचें काय, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसही तसेंच वाटे. परंतु पहिलटकरणीच्या खोलींत पहिल्या दोन-तीन दिवसांत काय घडतें तें पाहिलें म्हणजे हा भ्रम राहत नाहीं. मूल रडतें, दूध उतरलें नाहीं असा घरच्यांचा समज होतो, आणि जवळची परिचारिकाच, केवळ दयेनें, बाटली आणून देते! वास्तविक त्या दिवसांचा चीक थोडाच असावयाचा. बाळाचें पोटही तेवढेंच लहान. बाटलीनें भूक भागली कीं मूल कमी ओढतें, व जितकें कमी ओढावें तितकें दूध कमी उत्पन्न होतें. मग 'दूध नव्हतेंच' हा समज खरा ठरतो.

यासाठीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं १९९३ सालीं ४० तासांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यांत शिकवितात तें एक ऐकणें. "दूध पुरतें ना?" असें विचारल्यास आई "नाहीं" म्हणून गप्प बसते, "बाळास कसें पाजतां?" असें विचारल्यास सर्व कांहीं सांगते. तसेंच पाहणें: बाळानें तोंड मोठें उघडलें आहे काय, हनुवटी अंगास टेकली आहे काय. नुसतें बोंड चोखलें तर भेगा पडतात. परिचारिकेनें आपले हात शक्यतों मागें ठेवून आईकडूनच सर्व करवून घ्यावें, हा नियम आम्हांस विशेष आवडला.

आपल्या देशांत २०१६ सालीं निघालेल्या 'मा' कार्यक्रमांतही परिचारिका व आशा सेविका यांस हें शिक्षण देण्याची योजना आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पहिल्या तासांत अंगावर घेतलेलीं मुलें शेंकडा ४२ देखील भरलीं नाहींत. आणि त्याच पाहणींत शेंकडा ८८ हून अधिक बाळंतपणें दवाखान्यांत झालेलीं होतीं.