जंगलाचं दार रात्री बंद होतं

दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नोकरदार जोडप्यांना डोंगरातल्या जंगलांची ओढ लागते. गाडीच्या डिकीत तंबू असतो, स्टोव्ह असतो, दोन दिवसांची सुटी असते. पण तंबू ठोकायचा कुठं, हा प्रश्न बहुतेकांना घाट चढायला लागल्यावरच पडतो!

शुक्रवारची संध्याकाळ. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फाटकांमधून कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक बाहेर पडताहेत. होसूर रस्त्यावर शहराकडे जाणाऱ्या वाहनांची रांग लागलीय. आणि या गर्दीत एखादी गाडी अशी असते, जी शहराकडे तोंडच करत नाही. तिच्या मागच्या सीटवर गुंडाळलेली सतरंजी, पाण्याचा कॅन, डब्यात थालिपिठाची भाजणी आणि पुढं बसलेले दोघं.

ही दोघं पुण्याची असतील, कोल्हापूरची असतील, नाहीतर नागपूरची. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली. दोघंही नोकरीला. एकाची पाळी सकाळची, दुसऱ्याचं काम अमेरिकेच्या घड्याळावर चालणारं. एक घरी येतो तेव्हा दुसऱ्याचे फोन सुरू होतात. अशा संसारात दोघांना एकत्र मोकळी मिळालेली सलग दोन दिवसांची सुटी म्हणजे सणच. मॉलमध्ये आणि सिनेमाला जाऊन कंटाळा आला, की कुणीतरी म्हणतं, "या वेळी जंगलात जाऊ या. तंबूत राहू या!"

कारखान्यांच्या वसाहतीपासून

इलेक्ट्रॉनिक सिटी जन्माला आली ती १९७८ साली. कर्नाटक सरकारच्या 'किऑनिक्स' या महामंडळानं कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर, ३३२ एकरांत ही वसाहत आखली. महामंडळाचे प्रमुख आर. के. बाळिगा यांचं हे स्वप्न. तेव्हा शहरापासून इतक्या दूर कोण येणार, असंच लोकांना वाटलं असेल! १९८१ साली पुण्यात सुरू झालेली 'इन्फोसिस' १९९४ मध्ये इथं आली आणि चित्र पालटलं. २०१० च्या जानेवारीत होसूर रस्त्यावरचा उड्डाणमार्ग खुला झाला, ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोही आली.

या जागेचं एक वैशिष्ट्य मात्र नव्यानं आलेल्यांच्या लक्षात येत नाही. वसाहतीच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर बन्नेरघट्टाचं जंगल आहे. १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे रान दक्षिणेकडे कावेरीच्या खोऱ्यातल्या जंगलांना जवळजवळ लागून आहे. म्हणजे संगणकाच्या या नगरीतून निघणाऱ्याला जंगल शोधायला फार लांब जायला नको. दोन-तीनशे किलोमीटरच्या आत बंदीपूर आहे, नागरहोळे आहे, बिळिगिरी रंगन डोंगर आहेत.

शरद म्हणजे पानगळ नव्हे

परदेशी चित्रपटांत पाहिलेला शरद ऋतू डोक्यात ठेवून निघणाऱ्यांची थोडी निराशा होते. लाल-पिवळ्या पानांचे डोंगर इथं ऑक्टोबरमध्ये दिसत नाहीत. आपल्याकडची पानगळ शिशिरात, जानेवारीनंतर. आश्विन-कार्तिकात दक्षिण कर्नाटकातलं रान हिरवंगार असतं. शिवाय महाराष्ट्रात पाऊस पाठ फिरवतो, तेव्हा चामराजनगरकडे तो दुसऱ्यांदा येतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा हा पाऊस दुपारनंतर ढग भरून येऊन कोसळतो. तेव्हा तंबूपेक्षा त्यावर टाकायचं मेणकापड आधी घ्यावं! ओल्या रानात जळवाही असतात. त्यामुळं पायात लांब मोजे हवेतच.

म्हैसूरचा दसरा संपेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. त्या दहा दिवसांत म्हैसूरकडचे रस्ते आणि मुक्कामाच्या जागा भरून वाहत असतात. विजयादशमीच्या जंबू सवारीनंतर पाहुणे हत्ती दुबारे, मत्तिगोडू अशा आपापल्या रानातल्या तळांवर परततात. माणसांनीही साधारण त्याच सुमाराला जंगलाची वाट धरावी.

नऊ वाजता फाटक पडतं

नवख्या जोडप्यांची पहिली चूक होते ती वेळेची. शुक्रवारी काम संपवून रात्री निघायचं, पहाटे उटीला किंवा वायनाडला पोचायचं, असा बेत केला जातो. मुंबई-पुण्याच्या माणसाला रात्रीचा प्रवास अंगवळणी पडलेला असतो. पण म्हैसूरच्या पुढं बंदीपूरच्या जंगलातून जाणारे दोन्ही महामार्ग, एक उटीकडचा आणि दुसरा वायनाडकडचा, रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतात.

या बंदीला कारण आहे. रात्री भरधाव जाणाऱ्या वाहनांखाली हरणं, सांबरं, बिबटे चिरडले जात होते. २००९ साली चामराजनगरच्या जिल्हा प्रशासनानं रात्रीची वाहतूक थांबवली. वाद झाला, आदेश मागं घेतला गेला, प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं बंदी लागू केली आणि मार्च २०१० मध्ये ती कायम ठेवली. रुग्णवाहिका आणि मोजक्या सरकारी बसगाड्यांना तेवढी मोकळीक मिळाली. केरळला हा निर्णय रुचला नाही. वायनाडच्या लोकांच्या दृष्टीनं हा रस्ता म्हणजे बाजार, दवाखाना आणि नोकरी. त्यांची अडचण खोटी नाही. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

महाराष्ट्रातल्या मेळघाटाप्रमाणंच बंदीपूर हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथल्या जनावरांना दिवसाचे पंधरा तास माणसांच्या गाड्या सोसाव्या लागतात. उरलेले नऊ तास त्यांचे. फाटकावर रात्री सव्वानऊला पोचून हुज्जत घालणाऱ्यानं एवढा हिशेब ध्यानात घेतला, तरी त्याचा राग निवळेल.

तंबू कुठंही नाही

दुसरी चूक तंबूची. रस्त्याकडेला छानसं कुरण दिसलं, शेजारून ओढा वाहतोय, की दोघांपैकी एकाला वाटतं, इथंच राहावं. चूल पेटवावी, चांदण्यात गप्पा माराव्यात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि तिथं आग लावणं हा गुन्हा आहे. महामार्गावरून जाण्याची मुभा म्हणजे उतरून मुक्काम करण्याची मुभा नव्हे.

यात नुसता कायद्याचा बडगा नाही. जीवाशी गाठ आहे. जानेवारी २०२१ मध्ये वायनाड जिल्ह्यातल्या मेप्पाडीजवळ तंबूत मुक्कामाला असलेल्या एका तरुण शिक्षिकेचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती काही चोरून जंगलात शिरली नव्हती. पर्यटकांसाठी मांडलेल्या तंबूंच्या तळावर ती उतरली होती. जंगलाच्या कडेला कापडाच्या भिंतीआड निजायचं, तर ती जागा कुणी निवडली, तिला परवाना आहे का, कुंपण आणि पहारा आहे का, ही चौकशी पैसे भरण्याआधीच करायला हवी. त्या घटनेनंतर तिथल्या प्रशासनानं विनापरवाना तंबूंवर कारवाईही सुरू केली.

मग तंबूची हौस फिटायची कशी? कर्नाटकात त्याची सोय आहे. १९८० साली स्थापन झालेल्या 'जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स' या सरकारी संस्थेचे तळ राज्यभर आहेत. बिळिगिरी डोंगरातल्या क्यातदेवर गुडी, म्हणजे के. गुडीच्या तळावर झाडांखाली तंबू आहेत आणि म्हैसूरच्या महाराजांच्या काळातला शिकारी बंगलाही. आगाऊ नोंदणी करावी लागते, आणि या हंगामात ती बरीच आधी करावी. स्वतःचा तंबू घरीच राहतो, हे खरं. पण रात्री हत्ती ओरडला, तर काय करायचं हे जाणणारं माणूस हाकेवर असतं.

विजेच्या वाटेनं रंगनाथाकडे

इलेक्ट्रॉनिक सिटीहून के. गुडीला जाणारी वाट शहर टाळते. नाइस रस्त्यानं कनकपुरा रस्त्याला लागायचं, मग कनकपुरा, मळवळ्ळी, कोळ्ळेगाळ, यळंदूर. साधारण चार-पाच तासांचा प्रवास. शनिवारी पहाटे निघालं, तर जेवणाच्या वेळेपर्यंत डोंगरात पोचता येतं.

वाटेत तुतीचे मळे लागतात, कारण हा रेशमाचा मुलूख. मळवळ्ळीच्या पुढं थोडी वाट वाकडी केली की शिवनसमुद्र. कावेरी इथं दोन धारांनी खाली झेपावते. ऑक्टोबरात तिला पाणी भरपूर असतं. १९०२ साली इथं वीजनिर्मिती सुरू झाली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. १९०५ मध्ये याच विजेवर बंगळूरचे दिवे लागले. ज्यांचं सारं काम विजेवर चालतं, त्या दोघांनी इथं दहा मिनिटं तरी थांबायला हरकत नाही!

यळंदूरच्या पुढं डोंगर सुरू होतो. पायथ्याला वनखात्याचा तपासणी नाका. अंधार पडल्यावर इथून सोडत नाहीत. तेव्हा वेळा आधी विचारून घ्याव्यात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या भागात सहलीला जाण्याचा विचारही कुणी केला नसता. आजूबाजूच्या जंगलांत वीरप्पनचा वावर होता. जुलै २००० मध्ये त्यानं कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार यांना पळवलं आणि शंभराहून जास्त दिवस रानात ठेवलं. ऑक्टोबर २००४ मध्ये वीरप्पन मारला गेला आणि हळूहळू या वाटा मोकळ्या झाल्या.

पश्चिम आणि पूर्व घाट एकमेकांना भेटतात ते या डोंगरांत. काही मैलांत काटेरी झुडपं संपून साग-बांबू लागतो, आणि माथ्यावर गवताळ उतार व दाट सदाहरित राया. मधूनमधून मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घाणेरीची भिंत उभी राहते. आपल्याकडच्या कुंपणांवर दिसणारी हीच ती टणटणी. तिनं इथलं गवत गिळलं, आणि चरणाऱ्या जनावरांचा घास हिरावला.

इथले मूळ रहिवासी सोलिग. मध, आवळे, औषधी मुळ्या गोळा करणारी ही जमात रानाला देवच मानते. त्यांच्या श्रद्धेचं मोठं ठाणं म्हणजे 'दोड्ड संपिगे', शेकडो वर्षांचा अवाढव्य चाफा. कड्यावरच्या मंदिरातला रंगनाथ हा तर त्यांचा सोयरा! देवानं सोलिगांच्या कुसुमालेशी लग्न केलं, म्हणून ते त्याला घरच्या जावयाच्या नात्यानं हाक मारतात. बाणाईला वरणारा खंडोबा ज्यांच्या कुलाचारात आहे, त्या मराठी माणसाला ही कथा परकी वाटायची नाही.

१९८१ साली डॉ. एच. सुदर्शन यांनी सोलिगांमध्ये दवाखाना आणि शाळेचं काम सुरू केलं. २०११ च्या सुरुवातीला हे रान व्याघ्र प्रकल्प झालं, तेव्हा सोलिगांना आपण हुसकले जाऊ अशी भीती वाटली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांचे सामूहिक हक्क मान्य झाले. वाघांच्या जंगलात राहणाऱ्या आदिवासींच्या बाबतीत देशात ही मोठी घटना होती. म्हणून या डोंगरात आपण दोन यजमानांचे पाहुणे आहोत, हे विसरू नये.

हत्ती समोर आला तर

गाडी हळू ठेवावी. हत्ती रस्त्यावर असेल, तर बरंच अंतर राखून थांबावं. हॉर्न नाही, प्रखर दिवे नाहीत, फोटोसाठी खाली उतरणं तर मुळीच नाही. त्याला वाट द्यावी. तो पुढं येऊ लागला, तर शांतपणे गाडी मागं घ्यावी. केळी, बिस्किटं देऊ नयेत. गाडीतून खाऊ मिळतो हे कळलेला हत्ती पुढच्या गाडीची काच फोडतो. २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींनी ज्यांच्या बागा तुडवल्या, त्या दोडामार्गच्या शेतकऱ्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

रविवारी दुपारी जेवण आटोपून दोघं परत निघतात. फोनला दोन दिवस धड रेंज नव्हती. अमेरिकेचे निरोप साठलेले असतात. पण दिवेलागणीला जेवायचं, नऊला कंदील बारीक करायचा आणि पाखरांबरोबर उठायचं, असे दोन दिवस दोघांनी एकत्र काढलेले असतात. वर्षभरात पहिल्यांदाच दोघांचं घड्याळ एक झालेलं असतं, आणि ते जंगलानं लावून दिलेलं असतं.

संध्याकाळी पुन्हा इलेक्ट्रॉनिक सिटीचे दिवे दिसू लागतात. याच दिवसांत आणखी एक प्रवास सुरू झालेला असतो. शिवारात नाचणी तयार होऊ लागली, की बन्नेरघट्टा आणि कावेरीकाठच्या रानातले हत्तींचे कळप आनेकल, होसूरच्या बाजूला सरकतात. दरवर्षीची त्यांची ही वाट. शेतकरी रात्र रात्र राखण करतात, वनखात्याची माणसं कळपाच्या मागावर असतात, आणि मधल्या रस्त्यांवर गाड्या धावत असतात. दोघांच्या गॅलरीतून त्या बाजूला अंधाराची एक रेघ दिसते. आनेकलकडून उशिरा घरी यायची वेळ आली, तर आता ती दोघं गाडी हळू चालवतील.