पुरुषदेहातील इस्ट्रोजेन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वृषणांचे कार्य मंदावल्यामुळे वैद्यांच्या सल्ल्याने बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पुरुषांत एक समजूत अशी दृढमूल झाली आहे, की इस्ट्रोजेन हे निव्वळ स्त्रीदेहाचे संप्रेरक असून पुरुषाच्या रक्तात ते जितके कमी तितके बरे. परंतु १९३४ साली संशोधक बर्नहार्ट झोंडेक यांना घोड्याच्या, घोडीच्या नव्हे, मूत्रात या संप्रेरकाचा विपुल साठा आढळला होता. आणि घोड्याच्या पौरुषाविषयी कोणाची तक्रार असल्याचे ऐकिवात नाही.

वास्तविक पुरुषाच्या टेस्टोस्टेरॉनचा अल्प अंश मेद, अस्थी, मेंदू अशा ठिकाणी अरोमटेज नामक विकराच्या योगे इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होत असतो, आणि हाडांची घनता राखणे, मेदाला आवर घालणे व कामेच्छा टिकवणे ही कामे बऱ्याच अंशी त्याच्याकडे सुपूर्द असतात. १९९४ साली अमेरिकेतील एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाची हकिकत प्रसिद्ध झाली, ती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे: त्याचे टेस्टोस्टेरॉन यथास्थित होते, परंतु इस्ट्रोजेनचा संदेश स्वीकारणारे पेशींतील ग्राहीच जन्मतः निकामी असल्याने २०४ सेंटिमीटर उंची गाठूनही त्याच्या हाडांची टोके जुळली नव्हती आणि हाडे ठिसूळ झाली होती. पुढे २०१३ साली संशोधक फिंकेलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी पुरुषांचे स्वतःचे संप्रेरक औषधाने थांबवून, बहुतेकांना निरनिराळ्या मात्रांत टेस्टोस्टेरॉनचे जेल आणि त्यांतील एका गटाला त्याखेरीज अरोमटेजरोधक ॲनास्ट्रोझोल देऊन पाहिले, तेव्हा स्नायूंचे बळ टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असले तरी मेदवृद्धीचे मूळ मुख्यतः इस्ट्रोजेनच्या अभावात आहे, आणि कामेच्छेला दोहोंची गरज लागते, असे निष्पन्न झाले.

दुसरा गैरसमज अधिक घातक. टेस्टोस्टेरॉन सुरू होताच ‘खबरदारी’ म्हणून ॲनास्ट्रोझोलही घ्यावे, असा परभारे सल्ला पुष्कळांना मिळतो. ही गोळी मुळात रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगासाठी आहे, आणि सांधे आखडणे, कामेच्छा ओसरणे, अंगातून उष्णतेचे लोट उठणे या तक्रारी तिच्याच अतिरेकाने उद्भवल्या असताना रुग्ण टेस्टोस्टेरॉनची मात्रा वाढवून मागतो, हा प्रकार करुण आहे. टेस्टोस्टेरॉन मुळातच कमी असलेल्या वयस्क पुरुषांना वर्षभर हीच गोळी दिली असता त्यांच्या मणक्यांची घनता घटल्याचे २००९ साली नोंदले गेले आहे.

रक्ततपासणीच्या अहवालातील इस्ट्राडायॉलच्या आकड्याबाबतही असाच गैरसमज होतो. प्रयोगशाळेची सर्वसाधारण प्रतिपिंड-चाचणी पुरुषांतील अल्प पातळी अचूक मोजत नाही, म्हणून शंका असल्यास वस्तुमान-वर्णपटाच्या पद्धतीने केलेली तपासणी मागावी.

इस्ट्रोजेन कमी पडले म्हणून त्याची गोळी घेणे हा सहसा उपाय नव्हे. वैद्यांच्या संमतीने अरोमटेजरोधक कमी करावे वा थांबवावे, टेस्टोस्टेरॉनची मात्राच अपुरी आहे का हे पडताळावे, आणि अभाव दीर्घकाळ राहिला असल्यास हाडांची घनता तपासून घ्यावी. स्तनवृद्धीसारखी प्रत्यक्ष तक्रार असेल तर तिचा विचार वैद्य स्वतंत्रपणे करतील. केवळ अहवालातील आकडा खाली आणण्यासाठी मात्र ॲनास्ट्रोझोल घेऊ नये.