ठावठिकाणा

गणेशविसर्जनाची रात्र सरून ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट फुटण्यापूर्वी झालेल्या भूकंपात, किल्लारी-सास्तूर परिसरातील ज्या दगडमातीच्या भिंतींनी व जाड माळवदांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गारवा दिला त्यांनीच आपल्या हजारो धन्यांचे प्राण घेतले, तेव्हा ढिगाऱ्यातून वाचलेला मनुष्य बेघर झाला खरा, परंतु बेदखल झाला नाही. कारण त्याचे नाव सरकारी दप्तरात होते आणि पंचनाम्याच्या वेळी ‘हा अमक्याचा मुलगा’ असे सांगणारा कोणीतरी शेजारी हयात होता.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घराचे क्षेत्रफळ मात्र जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन व अल्पभूधारक यांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, मोठ्या खातेदारास ७५०. भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता. पुनर्वसनाने तो पाहिला. नव्या गावांत रुंद, सरळ रस्ते आले, पण बैल कोठे बांधावेत आणि कडब्याची गंज कोठे रचावी, हे विचारण्याचे आखणी करणाऱ्यांस बहुधा सुचले नसावे. याउलट जेथे जुनी घरेच दुरुस्त करावयाची होती, तेथे महिला मंडळांतील ‘संवाद सहायक’ बायांनी माळवदावरील मातीचा थर कमी करणे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसविणे इत्यादी अभियंत्यांच्या सूचना घरोघरी समजावून सांगितल्या. मला हा भाग अधिक मोलाचा वाटतो.

परंतु नांदेड किंवा लातूरच्या स्थानकावर गाठोडे उशाला घेऊन निजणाऱ्या इसमाचा पंचनामा कोण करणार? नापिकी, कर्ज, दीर्घ आजार, मनोविकार, वैधव्यानंतर दिराने बंद केलेले दार, अशा कारणांनी एकेकटी येणारी ही आपत्ती कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री जी मोजदाद झाली तीत महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर आढळले. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीस नाव-गाव न विचारता पोटभर अन्न मिळते, ही या शहराची केवढी तरी पुण्याई. पण रेशन दुकानदार आणि बँकेचा कारकून पत्ता विचारतातच.

निवाऱ्याचा नियम आहे : राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे किमान शंभर जणांची सोय ठरविली. मात्र तो निवारा कोठे आहे हे फलाटावरच्या म्हातारीस सांगून, हात धरून तेथवर पोहोचविण्याचे काम नियमाच्याने होत नाही. ते हमालाने, रिक्षावाल्याने, एखाद्या तरुण मंडळाने करावयाचे असते. मतदारयादीचेही तसेच. बेघराकडे वास्तव्याचा पुरावा नसला तरी अडत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री प्रत्यक्ष येऊन तो मनुष्य सांगितलेल्या जागी निजतो की नाही याची खात्री करतो. एवढेच की, त्या पडताळणीच्या रात्री आसपासच्या दुकानदारांनी त्यास पायरीवरून हुसकून लावलेले नसावे.