जुन्या मोटारीची पारख – लेखांक ७ : पाणी शिरते कोठे, दिसते कोठे

कराड हे कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेले असले, तरी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्याने तेथे पाऊस बेताचाच पडतो. पाटण ओलांडून कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाकडे जाऊ लागले, की त्याचे मान कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच उन्हाळ्यात घेतलेली जुनी हॅचबॅक, म्हणजे मागचे दार काचेसकट वर उचलले जाते आणि जिची डिकी बैठकीच्या दालनाचाच भाग असते अशी छोटी मोटार, शहरात कोरडी भासते आणि चिपळूणच्या पहिल्याच पावसाळी फेरीत तिचे कार्पेट भिजलेले आढळते.

येथे एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. मोटार हा झाकणाचा पाणबंद डबा नव्हे; कौलारू छप्पर जसे पाणी धरून न ठेवता पन्हळीकडे वळवते, तशी मोटारीतही पाण्याला आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम ठेवलेली असते. काच वर-खाली होते त्या फटीतून पाणी दाराच्या पोकळीत शिरणार, हे गृहीतच धरलेले असते. ते दाराच्या तळाच्या बारीक भोकांतून निघून जाते आणि आतल्या पॅडमागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा त्याला बैठकीकडे येऊ देत नाही. भोके चिखलाने बुजली, किंवा स्पीकर बसवताना पडदा फाडून तसाच सोडला, की पाणी आत उतरते. वायपरच्या मुळाशी असलेल्या काळ्या जाळीखालीही अशीच एक पन्हळ असते, आणि पंख्यासाठी बाहेरची हवाही तेथूनच घेतली जाते. चिंचेखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत बारीक पाने जाळीतून पडून कुजतात, निचऱ्याची तोंडे बुजतात आणि चढलेले पाणी हवेच्या वाटेने डावीकडच्या प्रवाशाच्या पायाशी येते. गळतीचे मूळ नव्या छिद्रापेक्षा अशा बुजलेल्या वाटेत आधी शोधावे. मात्र तेच ठिकाण कडक उन्हात, एसी चालू असताना भिजत असेल, तर एसीचे पाणी खाली सोडणारी नळी तुंबलेली असते; आणि ओल चिकट, गोडसर वासाची असेल, तर ते इंजिन थंड ठेवणारे पाणी हीटरमधून गळत असते.

ओल दिसते तेथेच दोष असतो असे नाही. पुढे शिरलेले पाणी घाट चढताना कार्पेटखालून मागे सरकते आणि उतरताना पुढे येते. स्टेपनीच्या खोलगट जागेत साचणारे पाणी बहुधा मागच्या दिव्यांच्या झिजलेल्या गॅस्केटमधून, छताच्या पत्र्याच्या सांध्यातून किंवा मागच्या काचेवर पाणी उडवणाऱ्या, छतातून नेलेल्या नळीच्या निसटलेल्या जोडातून आलेले असते. दाराच्या रबरी बिडिंगवर आतल्या बाजूस धुळीची रेघ उमटली असेल, तर रबर तेवढ्या भागात नीट टेकत नाही.

तपासणीसाठी कार्पेट उचलून पत्रा पूर्ण कोरडा करावा, एकाने बॅटरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने पाइपमधून मंद धार खालून वर, एकेका जागी काही मिनिटे, सोडावी. प्रथमच छतावर पाणी ओतले, तर सर्व सांधे एकदम भिजतात आणि काहीच उलगडत नाही. दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरण्याची सवय मात्र घातक आहे, कारण त्याने निचऱ्याची भोकेही बंद होतात, आणि आंबूस वासाच्या सिलिकॉनमधून सुटणारे आम्ल उघड्या पत्र्याला गंज चढवते. पुढच्या काचेसाठी पॉलियुरेथेनच वापरावे लागते आणि फाटलेला पडदा नव्याने चिकटवावा लागतो.

कृष्णाकाठी आणखी एक शंका घ्यावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विक्रीला आली, तर तिची ओल साध्या गळतीसारखीच दिसते. परंतु गळतीचे पाणी स्वच्छ असते, पुराचे गाळ ठेवून जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर पट्ट्यावर मातकट आडवी रेघ दिसली, किंवा डॅशबोर्डमागच्या वायरींच्या जोडांत वाळलेला बारीक गाळ सापडला, तर पाइप गुंडाळून ठेवावा आणि व्यवहार सोडून द्यावा.