शिट्टीमागचा आवाज

खेळामागचं शास्त्र : लेखांक 6

16 मे 2020 रोजी जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात बोरुसिया डॉर्टमुंडने शाल्केचा 4-0 असा धुव्वा उडवला. या दोन शेजाऱ्यांचं हाडवैर जुनं आहे. एरवी अशा विजयानंतर शहर रात्रभर झोपत नाही. सामना संपल्यावर डॉर्टमुंडचे खेळाडू रिवाजाप्रमाणे दक्षिणेकडच्या स्टँडसमोर गेले आणि त्यांनी हात उंचावले. समोर कोणीच नव्हतं. जिथे सुमारे 25 हजार माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, ज्या स्टँडला सगळं फुटबॉलविश्व ‘पिवळी भिंत’ म्हणून ओळखतं, तिथे त्या दिवशी फक्त काँक्रीटच्या पायऱ्या होत्या.

कोरोनामुळे दोन महिने बंद असलेली बुंडेसलिगा त्या दिवशी प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली होती. 16 ते 18 मे या तीन दिवसांत नऊ सामने झाले. त्यांत घरच्या मैदानावर जिंकलेला संघ एकच, तो म्हणजे डॉर्टमुंड. तीन सामने बरोबरीत सुटले आणि तब्बल पाच सामने पाहुण्यांनी जिंकले.

गेल्या आठवड्यात आपण हवेत वळणाऱ्या चेंडूचं शास्त्र पाहिलं. या वेळी चेंडू बाजूला ठेवू आणि मैदानाभोवतीच्या माणसांकडे पाहू. ‘प्रेक्षक म्हणजे संघाचा बारावा खेळाडू’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हा बारावा खेळाडू नेमकं काय करतो? तो चेंडूला पाय लावत नाही, पास देत नाही, तरी गुणतक्त्यावर त्याची खूण उमटते. ती कुठून येते, हे शोधण्याची संधी 2020 साली अगदी अनपेक्षितपणे मिळाली.

रिकाम्या स्टँडचा धडा

एका फेरीवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून थोडे मोठे आकडे पाहू. त्या हंगामात बुंडेसलिगा बंद पडण्यापूर्वी यजमान संघ सुमारे 43 टक्के सामने जिंकत होते. प्रेक्षक गेल्यावर हे प्रमाण जवळपास एक तृतीयांशावर आलं. संघ तेच होते, मैदानं तीच होती, ड्रेसिंग रूमही तीच. फक्त माणसं नव्हती.

इंग्लंडमध्ये पुढचा हंगाम, म्हणजे 2020-21, बहुतांशी रिकाम्या स्टेडियममध्ये खेळला गेला. प्रीमियर लीगच्या 380 सामन्यांपैकी 144 यजमानांनी जिंकले आणि 153 पाहुण्यांनी. इंग्लंडमध्ये लीग फुटबॉल 1888 साली सुरू झालं. तेव्हापासून सर्वोच्च श्रेणीत पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा जास्त भरल्याचं हे पहिलंच वर्ष.

लिव्हरपूलची गोष्ट तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. ॲनफिल्ड या आपल्या मैदानावर हा संघ लीगचे सलग 68 सामने अपराजित होता. 21 जानेवारी 2021 रोजी बर्नलीने ती मालिका तोडली. त्यानंतर ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी आणि फुलहॅम यांनीही लिव्हरपूलला त्याच मैदानावर हरवलं. घरात सलग सहा पराभव क्लबच्या इतिहासात कधी झाले नव्हते. याचं सगळं खापर रिकाम्या स्टँडवर फोडता येणार नाही. बचावफळीतला आधारस्तंभ व्हर्जिल व्हॅन डाइक जायबंदी होता, त्याच्या जोडीचे खेळाडूही दुखापतींनी बाहेर होते. मात्र एक बारीक तपशील नोंदवून ठेवा : या सहापैकी चार पराभव 0-1 असे, अवघ्या एका गोलाचे होते. या ‘एका गोला’कडे आपण पुन्हा येणार आहोत.

प्रवास, गवत आणि उंची

घरच्या मैदानाचा फायदा फक्त गर्दीमुळे मिळतो असं नाही. पाहुण्यांना प्रवासाचा शीण असतो, परक्या गादीवर झोप लागत नाही, मैदानाची लांबी-रुंदी आणि गवताची जात अंगवळणी पडलेली नसते. काही ठिकाणी तर निसर्गच यजमानांच्या बाजूने खेळतो. बोलिव्हियाच्या ला पाझमधलं एर्नांदो सिलेस स्टेडियम समुद्रसपाटीपासून 3,600 मीटरहून अधिक उंचीवर आहे. 1 एप्रिल 2009 रोजी तिथे बोलिव्हियाने अर्जेंटिनाला 6-1 असं चिरडलं. अर्जेंटिनाच्या संघात मेस्सी होता आणि प्रशिक्षक होता मॅराडोना. विरळ हवेत दोघांचंही काही चाललं नाही.

ही कारणं खरी आहेत, पण काळाबरोबर त्यांचं वजन घटत चाललं आहे. विमानं आली, हॉटेलं सुधारली, मैदानं एकसारखी झाली. युरोपीय स्पर्धांचे युएफाने दिलेले आकडे हेच सांगतात. 1970च्या दशकाच्या मध्यावर यजमान 61 टक्के सामने जिंकत आणि पाहुणे 19 टक्के. पुढे हे प्रमाण 47 आणि 30 टक्क्यांवर आलं. म्हणूनच परक्या मैदानावर केलेल्या गोलाला जादा मोल देणारा, 1965 पासून चालत आलेला नियम 2021 साली रद्द झाला. तरीही यजमानांचं पारडं थोडं जड राहिलंच होतं. 2020 मध्ये प्रेक्षक गेले आणि ते उरलेलं वजनही बरंचसं उतरलं. तेव्हा या उरलेल्या वजनाचा उगम गर्दीतच शोधायला हवा.

आवाज आधी कोणाच्या कानात शिरतो?

आपल्याला वाटतं, गर्दीच्या गर्जनेनं खेळाडूंच्या पायांत बळ येतं. संशोधकांनी तपासलं तेव्हा सर्वांत ठळक पुरावा खेळाडूंपाशी सापडला नाही. तो शिट्टी हातात घेतलेल्या माणसापाशी सापडला.

इंग्लंडमधल्या ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली एक साधा, पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. ॲनफिल्डवर झालेल्या लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सिटी सामन्यातल्या 47 झटापटी त्यांनी 40 पात्रताधारक पंचांना चित्रफितीवर दाखवल्या. काही पंचांनी त्या प्रेक्षकांच्या आवाजासह पाहिल्या, तर काहींनी आवाज बंद करून. प्रत्येक वेळी त्यांना एवढंच सांगायचं होतं, की हा फाऊल आहे का? आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमानांविरुद्ध 15.5 टक्के कमी फाऊल दिले.

यातली गंमत नीट पाहायला हवी. गोंगाट ऐकून पंच पाहुण्यांवर तुटून पडले नाहीत. यजमानांविरुद्ध शिट्टी ओठांपर्यंत न्यायची आणि तिथेच थांबवायची, एवढाच फरक पडला. हा पंचांचा अप्रामाणिकपणा म्हणता येणार नाही. अर्ध्या सेकंदात घडलेल्या धडकेबद्दल मनात शंका असते. डोळ्यांनी पाहिलेलं पुरेसं नसलं, की मन आणखी एखादा पुरावा शोधतं. अशा वेळी हजारो गळ्यांतून उठलेली आरोळी पंचाच्या नकळत साक्षीदार होऊन बसते.

घड्याळाचंही तसंच आहे. लुईस गारिकानो, इग्नासिओ पालासिओस-हुएर्ता आणि कॅनिस प्रेंडरगास्ट या अर्थतज्ज्ञांनी स्पॅनिश लीगमधल्या वाढीव वेळेचा अभ्यास केला. तो 2005 साली प्रसिद्ध झाला. यजमान संघ एका गोलाने मागे असेल, तर पंच सरासरीपेक्षा 35 टक्के जास्त वेळ देत होते. तोच संघ एका गोलाने पुढे असेल, तर 29 टक्के कमी. अंतर दोन किंवा त्याहून जास्त गोलांचं असेल, तर मात्र हा कल नाहीसा होत होता. सामना ठरून गेला की पंचांवरचा दाब उतरतो. तो असतो फक्त तराजू हलत असतो तोवर.

इटलीत 2007 साली कातानियात सामन्याच्या वेळी उसळलेल्या दंगलीत एका पोलीस अधिकाऱ्याचा जीव गेला. त्यानंतर सुरक्षेच्या अटी न पाळणाऱ्या क्लबांना काही सामने बंद दाराआड खेळावे लागले. ते सामने तपासणाऱ्या स्वीडिश संशोधकांना दिसलं, की रिकाम्या स्टेडियममध्ये पंच यजमान खेळाडूंशी जास्त कडक वागतात. 2020 नंतरच्या अनेक अभ्यासांतही हेच चित्र आलं : प्रेक्षक नसताना पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली.

प्रेक्षक पंचापासून किती दूर बसले आहेत, यानेही फरक पडतो. जर्मनीतल्या सामन्यांचा अभ्यास करणाऱ्या थॉमस डोहमेन यांना असं आढळलं, की मैदान आणि स्टँड यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक असेल, तर पंचांचा यजमानांकडचा कल सौम्य होतो. आपल्याकडची कोलकात्याचं सॉल्ट लेक आणि बेंगळुरूचं कंठीरवा ही स्टेडियमं अशाच ट्रॅकची आहेत. फक्त फुटबॉलसाठी बांधलेली स्टेडियमं पाहुण्या संघांना का जाचतात, याचं एक कारण या काही मीटर अंतरात आहे.

उंबरठ्याची राखण

खेळाडूंवर काहीच परिणाम होत नाही, असंही नाही. नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातले निक नीव्ह आणि सँड्रा वुल्फसन यांनी खेळाडूंच्या लाळेचे नमुने तपासले. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घरच्या सामन्याआधी टेस्टोस्टेरॉनची पातळी परक्या मैदानावरच्या सामन्याआधीपेक्षा जास्त आढळली. समोर कट्टर प्रतिस्पर्धी असेल, तर ती आणखी वर गेलेली दिसली. आपल्या उंबरठ्यावर कोणी चालून आलं, की प्राणी अंग फुगवून उभा राहतो. तीच जुनी प्रेरणा इथे जागी होत असावी, असं या संशोधकांचं म्हणणं आहे. घर राखायचं आहे, ही भावना माणूस अंगात घेऊनच मैदानात उतरतो.

मात्र घराची हीच माया कधी छातीवरचा दगड होते. 16 जुलै 1950 रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये तिकीट काढून आलेले प्रेक्षकच 1 लाख 73 हजारांहून जास्त होते. विश्वविजेतेपदासाठी ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध फक्त बरोबरी हवी होती. 47व्या मिनिटाला फ्रियासाने गोल केला आणि स्टेडियम पेटून उठलं. 66व्या मिनिटाला स्कियाफिनोने बरोबरी साधली. खरं तर तेव्हाही विश्वचषक ब्राझीलच्याच हातात होता. पण स्टेडियम गप्प होत गेलं, आणि त्या शांततेचं ओझं खेळाडूंच्या खांद्यांवर चढलं. 79व्या मिनिटाला गिगियाने दुसरा गोल केला आणि अख्खा देश सुतकात गेला.

गोव्यातल्या वाचकांना 20 डिसेंबर 2015 ची रात्र आठवत असेल. इंडियन सुपर लीगची अंतिम लढत फातोर्ड्यावर होती. 87व्या मिनिटाला एफसी गोवा 2-1 असा पुढे गेला आणि स्टेडियममध्ये आतषबाजीच बाकी राहिली होती. शेवटच्या काही क्षणांत एक स्वयंगोल झाला, पाठोपाठ मेंडोझाने गोल मारला, आणि चषक चेन्नईयिनने नेला. खच्चून भरलेलं घर विजयाची हमी देत नाही.

अंधेरीतल्या दोन संध्याकाळी

1 जून 2018 रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला 5-0 असं हरवलं. सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. ती पाहायला आले होते अवघे 2,569 प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने समाजमाध्यमावर हात जोडून विनंती केली : टीका करायला, शिव्या द्यायला का होईना, पण मैदानावर या. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. मुंबईत पाऊस कोसळत होता आणि स्टेडियम भरलेलं होतं. भारत 3-0 जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे.

कोणी म्हणेल, रिकाम्या मैदानावर पाच आणि भरलेल्या मैदानावर तीन, मग गर्दीचा उपयोग काय? आजच्या सगळ्या आकड्यांचं उत्तर एकच आहे. संघांत मोठी तफावत असेल, तर गर्दी निकाल फिरवू शकत नाही. तिचं काम एका गोलाच्या अंतरात चालतं. स्पेनमधल्या पंचांचं घड्याळ तिथेच हलत होतं आणि लिव्हरपूलचे चार पराभवही तेवढ्याच अंतराचे होते. वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये बहुतेक लढती अशाच काठावर सुटतात, म्हणून वर्षाअखेरीस हा अदृश्य हात गुणतक्त्यात दिसतो.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा भिडतात, तेव्हा दोन्ही संघ घरचेच असतात आणि दोन्ही बाजूंच्या पेठा कंठशोष करतात. तिथल्या प्रेक्षकांना हे शास्त्र कोणी शिकवायला नको. बाकीच्यांना मात्र एक विनंती करायची आहे. 4-0 ने पुढे असताना आपण सगळेच ओरडतो. त्या आवाजाने काहीही बदलत नाही. आपल्या संघावर गोल होतो आणि स्टँडमध्ये मान खाली जाते, तो क्षण महत्त्वाचा असतो. माराकाना त्याच क्षणी गप्प झालं होतं. तेव्हा पंचाला शिव्या देऊ नका, पाहुण्यांवर काही फेकू नका. आपल्या मुलांची नावं घ्या आणि आवाज चढवा. तिकिटाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते गोल खाल्ल्यानंतरच्या त्या काही मिनिटांत.

पुढच्या आठवड्यात : पेनल्टी घेणारा आणि गोलरक्षक यांच्यामधली अकरा मीटरची जागा.