वाऱ्याच्या हद्दीवरचं बंदर : किल्वा

किल्वाच्या मातीत सोन्याची कणीही नाही. टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतचं हे छोटंसं बेट चौदाव्या शतकात हिंदी महासागरातल्या श्रीमंत बंदरांत गणलं जाई, ते दूरच्या सोन्यावर. हे सोनं निघे आजच्या झिंबाब्वेच्या पठारावर आणि समुद्राला लागे मोझांबिकमधल्या सोफालाला.

किल्वाचं नशीब वाऱ्याने घडवलं. अरबस्तान किंवा गुजरातहून ईशान्य मोसमी वाऱ्यांवर निघालेलं गलबत किल्वापर्यंत यायचं, माल विकायचं आणि नैर्ऋत्येचा वारा धरून घरी परतायचं. त्याखाली आणखी दक्षिणेला गेलं, तर परतीचा हंगाम हुकण्याची भीती. म्हणून सोफालाचं सोनं किल्वाच्या तारवांनी वर आणायचं आणि परदेशी व्यापाऱ्यांनी ते किल्वात उचलायचं, अशी घडी बसली. सुलतानाची जकात तिथेच वसूल होई.

पठारावरचं काम जिवावरचं होतं. लोक नदीची वाळू धूत. खडकातलं सोनं काढायला आग पेटवून गारगोटी तापवत, ती तडकली की फोडून कुटत, मग पाण्यात धूत. काही जुन्या खाणींत गाडल्या गेलेल्या बायकांचे सांगाडे सापडले आहेत. सुलतानांच्या वैभवाबद्दल वाचताना मला आधी त्या बायका आठवतात. या सोन्याच्या बदल्यात पठारावर पोचे ते खंबायतचं कापड आणि काचेचे मणी.

वैभव मात्र खरंच डोळे दिपवणारं होतं. प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये किल्वात आला, तेव्हा अल-हसन इब्न सुलेमान गादीवर होता; दानशूरपणामुळे लोक त्याला ‘देणग्यांचा बाप’ म्हणत. त्याचा हुसुनी कुब्वा हा राजवाडा प्रवाळाच्या दगडात समुद्रावरच्या कड्यावर उभा राहिला: शंभराहून अधिक दालनं, एका चौकात अष्टकोनी हौद आणि मालासाठी कोठारं. त्याच्या नावाचं तांब्याचं एक नाणं थेट सोन्याच्या पठारावरच्या ग्रेट झिंबाब्वे या जुन्या शहराच्या अवशेषांत मिळालं.

१५०२ मध्ये वास्को द गामाने तोफांच्या धाकाने किल्वाकडून सोन्याची खंडणी घेतली. तिच्यातून पोर्तुगालच्या राजा मानुएलसाठी घडवलेलं, १५०६ मध्ये पुरं झालेलं चर्चचं पात्र आज लिस्बनच्या संग्रहालयात आहे. त्यात बारा प्रेषित गुडघे टेकून बसलेत आणि सोनं किल्वाच्या खंडणीचं असल्याचं त्याच्यावर कोरलंय. लुटीची अशी कबुली मी दुसऱ्या कुठल्या पूजापात्रावर पाहिलेली नाही.

१५०५ मध्ये भारताकडे निघालेल्या पोर्तुगीज फ्रान्सिस्कु द अल्मेदाने किल्वा लुटलं आणि तिथे गढी बांधली. त्याच वर्षी सोफालालाही पोर्तुगीज किल्ला उभा राहिला. पण अपेक्षेइतकं सोनं तिथे आलंच नाही. स्थानिक व्यापाऱ्यांनी अंगोश बंदरामार्गे वेगळी वाट धरली होती. १५१२ मध्ये पोर्तुगीजांनी किल्वाची गढी सोडून दिली.